शास्त्रज्ञांच्या स्मरणार्थ काढलेली चांदीची नाणी: संग्रहाची रचना कशी असावी?

प्रश्न: अशी नाणी जमवण्यास मी नुकतीच सुरुवात केली आहे. संग्रह देशानुसार लावावा की शास्त्रज्ञानुसार, आणि काळवंडलेली नाणी घासून स्वच्छ करावीत का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: माझ्या मते आरंभी एखादी मर्यादित मालिका निवडावी. पश्चिम जर्मनीच्या 5 मार्कच्या नाण्यांत हम्बोल्ट (1967), केप्लर (1971), कोपर्निकस (1973) आणि गाउस (1977) हे सर्व भेटतात; प्रत्येक नाणे 11.2 ग्रॅमचे असून त्यात 62.5 टक्के, म्हणजे सुमारे 7 ग्रॅम चांदी आहे. 1979 च्या ऑटो हान नाण्याच्या वेळी मात्र चांदी इतकी महागली, की ते तांबे-निकेलमध्ये चलनात आणावे लागले. शास्त्रज्ञानुसार रचना केल्यास वेगळीच गंमत येते: कोपर्निकसच्या पाचशेव्या जयंतीला पोलंडनेही चांदीचे 100 झ्लॉटींचे नाणे काढले, आणि दोन्ही देशांना तो आपलाच वाटतो!

उत्तर २: घासू नका. तो काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा असतो. तो घासताना मूळ धातूही झिजतो, नाण्यावर बारीक ओरखडे उठतात आणि संग्राहकांच्या लेखी त्याचे मोल घटते. पीव्हीसीची पाकिटेही टाळावीत.

उत्तर ३: खरेदीपूर्वी वजन व व्यास अवश्य तपासावा. केवळ चुंबकावर विसंबू नये, कारण नाण्यांत वापरले जाणारे तांबे-निकेलही त्याला चिकटत नाही.