एडीएक्स चढतो आहे आणि भाव मात्र घसरतो आहे, याचा अर्थ कसा लावावा?

प्रश्न (कोथरूड)

भावाच्या कलाची (ट्रेंडची) ताकद पाहण्यासाठी मी दैनंदिन चार्टवर एडीएक्स (ॲव्हरेज डायरेक्शनल इंडेक्स) हे साधन वापरतो. कालावधी १४ दिवसांचा आणि मर्यादा २५ ठेवली आहे, म्हणजे एडीएक्स २५ च्या वर गेला की कल जोरदार मानतो. चाकण-आकुर्डी पट्ट्यातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या परिचयाच्या असल्यामुळे मी मुख्यतः त्यांचेच शेअर पाहतो. त्यांपैकी एकाचा भाव सलग उतरत असताना एडीएक्स मात्र २२ वरून ३४ पर्यंत चढला. याला खरेदीचा संकेत मानावे काय? शिवाय हीच सेटिंग १५ मिनिटांच्या चार्टवर चालेल काय?

उत्तर (सदाशिव पेठ)

खरेदीचा संकेत मुळीच मानू नये. एडीएक्स चढला याचा अर्थ घसरणीला जोर आला, एवढाच होतो. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये हे साधन मांडले, तेव्हा दिशा आणि ताकद या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या होत्या. आजचा उच्चांक कालच्या उच्चांकापेक्षा किती वर गेला आणि आजचा नीचांक कालच्या नीचांकापेक्षा किती खाली गेला, यांत जे अंतर मोठे असेल तेवढेच धरले जाते आणि त्यावरून प्लस डीआय (वर जाण्याचा जोर) व मायनस डीआय (खाली येण्याचा जोर) या दोन रेषा निघतात. या दोहोंतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागून १०० ने गुणले की डीएक्स मिळतो. प्लस डीआय ३० आणि मायनस डीआय १० असला तरी डीएक्स ५०, आणि आकडे उलटे झाले तरीही ५०च. चार्टवर अनेकजण या दोन रेषा गर्दी नको म्हणून बंद करून ठेवतात. माझ्या मते ते चुकीचे आहे, कारण दिशा सांगणारा भाग तोच आहे.

दुसरी गोष्ट उशिराची. एडीएक्स हा डीएक्सचा संथ केलेला सरासरी आकडा असतो: कालच्या एडीएक्सला १३ ने गुणायचे, त्यात आजचा डीएक्स मिळवायचा आणि १४ ने भागायचे. समजा, काल एडीएक्स १८ होता आणि आज डीएक्स एकदम ६० आला, तरी आजचा एडीएक्स २१ च होतो. डीएक्स ६० वरच राहिला तर उद्या तो २३.८ आणि परवा २६.४ होईल. म्हणजे भरपूर जोर असलेली चालही २५ ची रेषा तिसऱ्या दिवशी ओलांडते, आणि तोवर भावाने बरेच अंतर कापलेले असू शकते. म्हणून मी २५ च्या आकड्यापेक्षा एडीएक्सच्या चढाला अधिक महत्त्व देतो: १६ वरून २१ कडे निघालेला एडीएक्स मला ४० वरून ३५ कडे येणाऱ्या एडीएक्सपेक्षा अधिक उपयोगाचा वाटतो. मात्र ४० वरून उतरणे म्हणजे कल उलटला असे नव्हे; त्याचा वेग ओसरला, इतकेच त्यातून कळते.

उत्तर (हडपसर)

१५ मिनिटांच्या चार्टबद्दल एक अडचण लक्षात घ्यावी. आपला बाजार सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन चालतो, म्हणजे दिवसाला २५ कँडल (दर १५ मिनिटांच्या भावाची एकेक पट्टी) होतात, आणि १४ कँडलच्या हिशेबात सकाळी बराच वेळ कालच्या दुपारचे आकडे मिसळलेले असतात. त्यात गॅप-अप आला, म्हणजे भाव कालच्यापेक्षा एकदम वर उघडला, तर अधिकच गोंधळ होतो. काल शेवटच्या कँडलचा उच्चांक १२१० असेल आणि आज पहिल्या कँडलचा १२३२, तर रात्रीतल्या उडीसह पूर्ण २२ रुपये एकाच कँडलच्या नावावर जमा होतात. त्यानंतर भाव तासभर जागच्या जागी राहिला तरी एडीएक्स वर जाताना दिसू शकतो. मी गॅपच्या दिवशी पहिल्या तासात एडीएक्सकडे पाहतच नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. उशीर टाळण्यासाठी कालावधी १४ ऐवजी ७ केला तर चालेल काय?

उत्तर (सदाशिव पेठ)

एडीएक्स लवकर हलेल, परंतु कालावधी कमी केल्यावर तो अधिक वेळा आणि अधिक वर उसळतो, त्यामुळे २५ ही मर्यादा तशीच ठेवता येणार नाही. त्याच शेअरच्या मागील दोन-तीन वर्षांच्या चार्टवर ७ चा एडीएक्स लावून भाव आडवा असताना तो कुठवर जातो ते आधी पाहावे आणि मर्यादा त्याच्या वर ठरवावी.