मदत हवी आहे: चिकाचा हलवा, आईचं माप टोपाबरोबर गेलं

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या. मला चिकाच्या हलव्यासाठी मदत हवी आहे आणि हातात जेमतेम तीन आठवडे आहेत.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. मूळ गाव पेणजवळचं, आता चाळीस वर्षं ठाण्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाकडे शनिवार तेली हेच नाव पडलं होतं. घरात बोलणं सगळं मराठीत, प्रार्थना हिब्रूत, आणि आई अजूनही सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणते. रोश हाशाना म्हणजे आमचं नवीन वर्ष, त्याला माझी आजी नव्याचा सण म्हणायची. त्या सणाला सफरचंद-मध असतं, खजूर, डाळिंब, चवळी, भोपळा असतं, पण आमच्या घरात हलवा नसेल तर सण झाला असं कुणी म्हणत नाही.

हा हलवा खव्याचा किंवा रव्याचा नाही. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढायचा (कुरडयांना काढतात तोच) आणि तो नारळाच्या रसात साखर घालून आटवायचा, थाळीत ओतायचा, वर बदाम-पिस्ते, आणि गार झाला की वड्या. रंग गुलाबी. दूध नाही, तूप नाही, कारण सणाच्या जेवणात मटण असतं आणि मटणाबरोबर दुधाचं काही आम्हाला चालत नाही, म्हणून आमच्या बहुतेक सगळ्या गोडात नारळाचा रसच असतो. कृपया तूप घाला असं सुचवू नका, ते जमणार नाही.

आता अडचण. दरवर्षी हलवा आईच करते. आई 81 वर्षांची आहे, जूनमध्ये बाथरूममध्ये पाय घसरून उजवं मनगट मोडलं, प्लास्टर निघालंय पण मुठीत जोर नाही, साधी वाटी उचलताना हात थरथरतो. हलवा दीड-दोन तास न थांबता घोटावा लागतो, तो तिला शक्यच नाही, म्हणून यंदा मी करणार असं ठरलं. मी आजवर नारळ खवले, रस पिळला, बदाम सोलले, थाळ्या पुसल्या, पण कालथा कधी हातात घेतला नाही कारण आई देतच नव्हती, म्हणायची तू मधे थांबशील.

आणि तिचं माप म्हणजे एक टोप होता. कल्हई केलेला तांब्याचा, जाड बुडाचा, दोन कड्यांचा. गहू डालडाच्या जुन्या डब्याने एक डबा. त्याचा चीक निघेल तेवढा टोपात ओतायचा आणि मग कडीच्या खालच्या रिबिटापर्यंत नारळाचा रस. बस्स. किती नारळ, किती लिटर, तिला माहीत नाही, तिने कधी मोजलंच नाही. साखर "गोड लागेल तेवढी, मग अजून दोन मुठी". तो टोप माझा भाऊ सहा वर्षांपूर्वी इस्राएलमध्ये अशदोदला घेऊन गेला, आईनेच दिला, तिकडे तुझ्या बायकोला लागेल म्हणून. त्यानंतर आई नुसत्या अंदाजाने स्टीलच्या टोपात करत होती आणि तिचा अंदाज चुकत नव्हता, माझा चुकतो.

गेल्या आठवड्यात मी छोटा घाणा करून बघितला. पाव किलो गहू तीन दिवस भिजवले, रोज एकदा पाणी बदललं, मिक्सरला वाटले, फडक्यातून गाळले, रात्रभर ठेवले. सकाळी झाकण काढलं तर आंबूस वास. तरी पुढे गेले, वाया कुठे घालवू. चीक किती झाला मोजला नाही, रस चार वाट्या, साखर दोन वाट्या, सगळं एकदम घातलं. पाऊण तास घोटून खळीसारखं झालं, म्हटलं गार झाल्यावर धरेल. संध्याकाळी थाळी जरा तिरकी केली तर सगळा हलवा एका बाजूला सरकला, आणि खाली थाळीवर पाणी सुटलेलं. आई कॉटवर बसून बघत होती, काही बोलली नाही, चमच्याने थोडा खाल्ला आणि म्हणाली चीक कच्चा आहे. मला फार वाईट वाटलं, नारळापेक्षा तिने ज्या आशेने थाळीकडे बघितलं त्याचं.

यंदा वेळेचंही गणित आहे. अधिक महिन्यामुळे गणपती उशिरा, 14 सप्टेंबरला सोमवारी, आणि आमचा सण त्याच्या आधी, शुक्रवार 11 तारखेच्या सूर्यास्तापासून रविवारपर्यंत. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागतो, त्यामुळे हलवा शुक्रवारी साडेसहाच्या आत ओतून व्हायला हवा, शनिवारी चूल पेटवायची नाही. नारळ तर त्या आठवड्यात हातच लावू देणार नाहीत, बाजूच्या काकूंकडे गणपती असतो, त्या म्हणाल्या दोघींचे एकदम घाऊक घेऊ.

तर सांगा, चीक आणि रस यांचं प्रमाण काय, दमट हवेत चीक आंबू नये म्हणून काय करता, साखर कधी घालता, आणि झाला हे ओळखायचं कसं. कॉर्नफ्लोअर किंवा चायनाग्रास घालून करतात मला माहीत आहे, बऱ्याच घरांत आता तसाच करतात आणि चांगला होतो, पण आईसमोर या वर्षी मला चिकाचाच ठेवायचा आहे.

प्रतिसाद 1, कुरडईवाली (नाशिककडची)

ताई, तुमचा हलवा मी खाल्लेला नाही पण चीक आमच्या घरात दर एप्रिलला निघतो तेव्हा तेवढ्यापुरतं सांगते. एप्रिलच्या उन्हात आणि सप्टेंबरच्या ठाण्यात फरक आहे, तिकडे हवा ओली, पाणी दिवसातून दोनदा बदलायलाच हवं, सकाळ-संध्याकाळ, आणि बदलताना गहू हाताने चोळून धुवायचे, तो बुळबुळीतपणा जायला हवा. तिसऱ्या दिवशी एक गहू चिमटीत दाबून बघा, पांढरं दुधासारखं बाहेर आलं आणि साल वेगळी झाली की वाटायचे, नाही आलं तर अजून एक वेळ थांबा.

मिक्सर एकदम जोरात फिरवू नका, कोंडा बारीक होऊन फडक्यातून खाली उतरतो आणि चीक मातकट दिसतो. थांबून थांबून फिरवा, भरपूर पाण्यात कालवून पिळा, चोथा परत एकदा पाण्यात कालवून पिळा, आणि ते दूध दुसऱ्यांदा मलमलमधून गाळा. मग बसत ठेवायचं ते फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर नको, तुमचा आंबूस वास तिथेच आला असणार. सकाळी वरचं पिवळट पाणी हलकेच ओता, भांडं हलवू न देता, शेवटचं थोडं चमच्याने काढा. तुम्ही हे पाणी पूर्ण काढलं नसावं, म्हणून थाळीत पाणी सुटलं. खाली राहतो तो चीक बोट रुतवलं तर खड्डा राहील इतका घट्ट पाहिजे. तोच मोजायचा, गहू नाही. गव्हागव्हात फरक असतो, एका डब्याचा चीक दरवर्षी सारखा निघत नाही.

प्रतिसाद 2, अलिबागची

शालोम ताई. आमचं घर इस्राएल आळीत होतं, आता मी पनवेलला. माझी सासू करायची ते सांगते. घट्ट चीक 1 वाटी तर रस 4 वाट्या, आणि साखर पावणेदोन. पण हा रस म्हणजे पहिला जाड आणि दुसरा पातळ दोन्ही मिळून, नुसता जाड घेतलात तर तेल फार सुटतं.

सगळं थंड असतानाच एकत्र करून गाळून घ्या, मग गॅसवर ठेवा. गरम रसात चीक घातला की गुठळ्या होणारच, नंतर कितीही घोटा. आणि साखर शेवटी. साखर पहिल्यापासून असली की चीक शिजायला फार वेळ घेतो, वरून दाट दिसतो आणि आतून कच्चा राहतो, तुमच्या आईंनी जे सांगितलं ते बरोबर ओळखलं. आधी तो पांढरा रंग जाऊन काचेसारखा झाला पाहिजे, मग साखर, साखर पडली की पुन्हा सैल होतो, घाबरू नका, तिथून खरं घोटणं सुरू. मीठ चिमूटभर, वेलची-जायफळ उतरवताना.

झाला कधी, तर कालथा टोपाच्या बुडावरून ओढल्यावर रस्ता पडतो आणि लगेच भरत नाही, कडेला बारीक तेल दिसतं, हलवा बाजू सोडतो. बशीत एक थेंब टाका, दोन मिनिटांनी बोटाला न चिकटता उचलला गेला की ओता. वड्या लगेच कापू नका, पाच-सहा तास थांबा.

प्रतिसाद 3, लोदहून

मी इस्राएलमध्ये लोदला राहते, इथे मी कॉर्नफ्लोअरचाच करते त्यामुळे चिकाबद्दल बोलत नाही. पण ताई, टोप हरवलेला नाही ना, टोप अशदोदला आहे. भावाला सांगा टोपात पाणी भर रिबिटापर्यंत आणि लिटरच्या मापाने मोजून काढ. व्हिडीओ कॉलवर आईंना दाखवा, रिबीट कुठलं ते त्याच सांगतील.

धागाकर्ती

लोदच्या ताई, इतकी सरळ गोष्ट मला सुचली नाही, मनापासून आभार. काल रात्री लावला कॉल. वहिनीने टोप घासून ठेवला होता, भावाने नळाखाली धरला, आई इकडून "अजून, अजून, अरे खालचं रिबीट, वरचं नाही" असं करत होती, आणि पाणी तिथे पोचलं तशी म्हणाली बस. भावाने मापाने मोजलं, 4 लिटर आणि वर दोन-तीन चमचे. मग आई म्हणाली टोप जरा वाकडा कर, आतून कल्हई गेली आहे का बघू. गेली आहे. तिकडे कल्हई कुठे करायची हा वेगळाच प्रश्न आता.

डालडाचा डबा आमच्याकडेच आहे, तो भरून गहू वजन केले, साडेआठशे ग्रॅम भरले.

प्रतिसाद 2, अलिबागची

म्हणजे बरोबर जुळतंय बघा. साडेआठशे गव्हांचा घट्ट चीक चारेक वाट्या निघेल, वाटी 200 मिलीची धरली तर पाऊण लिटरच्या थोडा वर, उरलेला सव्वातीन लिटरच्या आत-बाहेर रस. एकास चारच झालं. तुमच्या आईंनी मोजलं नाही असं म्हणू नका, त्यांचं माप टोपावर होतं. नारळ आठ तरी धरा, एखादा खवट निघतो.

धागाकर्ती

पुन्हा छोटा घाणा केला, आज उतरवला. पाणी दोनदा बदललं, चीक फ्रिजमध्ये बसवला, वरचं पाणी चमच्याने शेवटपर्यंत काढलं. वास अजिबात नाही, ओल्या खडूसारखा पांढरा घट्ट चीक खाली होता. एक वाटी चीक, चार वाट्या रस, थंड असताना गाळून. पंधराव्या मिनिटाला तो पांढरेपणा जायला लागला, बुडाकडून वर, आणि मग पाच मिनिटांत सगळा टोप बदलला. साखर घातल्यावर खरंच पाण्यासारखा सैल झाला, तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी तिथेच धीर सोडला असता. आई खुर्ची घेऊन ओट्याजवळ बसली होती, डावा हात माझ्या मनगटावर ठेवून, कुठे जोर द्यायचा ते दाबून सांगत होती. तीन वेळा मी म्हटलं झाला, तीन वेळा ती म्हणाली नाही. चौथ्यांदा मी विचारलंच नाही, तीच म्हणाली ओत.

थाळी तिरकी केली, हलला नाही. वडी कापली तर कडा सरळ आल्या. आईने दोन वड्या खाल्ल्या, जायफळ कमी आहे म्हणाली आणि रंग जरा जास्त झालाय.

तर आता ठरलं ते असं की सोमवारी 7 तारखेला रात्री गहू भिजत, गुरुवारी संध्याकाळी वाटून चीक बसत ठेवायचा, नारळ काकूंबरोबर बुधवारी येतील, रस शुक्रवारी सकाळीच ताजा काढायचा, आणि बारापर्यंत टोप गॅसवर. एवढा मोठा घाणा घोटायला माझा मुलगा सुट्टी घेतोय, आळीपाळीने करू.

फक्त एकच राहिलं, अलिबागच्या ताई, शनिवार-रविवारी पाहुणे आहेत तर वड्या बाहेर टिकतील ना, की फ्रिज?

प्रतिसाद 2, अलिबागची

तीन दिवस म्हणजे नारळाचा पदार्थ आहे, या हवेत शनिवार सकाळनंतर फ्रिजमध्येच ठेवा. झाकणाच्या आत फडकं घाला, नाहीतर झाकणाचं पाणी वड्यांवर पडतं. खायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, मग मऊ होतात. आणि सोमवारी गहू भिजत घालायच्या आधी नीट निवडा, एखादा खडा राहिला तर मिक्सरचं पातं जातं. शाना तोवा (नवीन वर्षाच्या शुभेच्छा) ताई, आईंना माझा नमस्कार सांगा.

धागाकर्ती

सांगितला. आई विचारतेय तुमच्या सासूबाई इस्राएल आळीत कुठल्या घरात राहायच्या, तिची मावशी तिथेच होती. व्यक्तिगत निरोप करते.