गरम पाण्याने आंघोळ झाली की अंग लाल होतं, तासाभरात उतरतं. पित्त की नुसती उष्णता?

जीवाजीगंज_ग्वाल्हेर (प्रश्न)

मुलगी ११ वर्षांची. थंडी पडल्यापासून आंघोळ करून बाहेर आली की खांदे, पाठ आणि मांड्या लालभडक दिसतात. पोट, पोटऱ्या ठीक असतात. अर्ध्या-पाऊण तासात सगळं उतरतं. खाज थोडी, ताप नाही. गीझर २५ लिटरचा आहे, खटका शेवटपर्यंत फिरवलेला. पाणी बोअरचं, साबणाला फेस येत नाही. सासूबाईंच्या मते पित्त उठतंय, आमसुलाचा कोळ लावा. घरात सेटिरिझिनची (ॲलर्जीवरची) गोळी आहे, ती द्यावी का? आणि पाणी नेमकं किती गरम असावं?

---

औषधपेटी

गोळी आत्ता देऊ नका. आधी हे पित्त आहे का ते ठरवू.

तुम्ही दिलेल्या जागाच बरंच सांगतात. पाटावर बसून तांब्याने पाणी घेतलं की ते पहिल्यांदा खांद्यांवर आणि पाठीवर पडतं, मग मांड्यांवर साचतं. लाली नेमकी तिथेच आहे. गरम पाण्याने कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, कारण शरीराला आतली उष्णता बाहेर टाकायची असते. एरवी कातडीतून मिनिटाला पाव ते अर्धा लिटर रक्त फिरतं. अति उष्णतेत ते ६ ते ८ लिटरपर्यंत जाऊ शकतं. शिवाय जिथे पाणी लागतं तिथल्या संवेदना-तंतूंमुळे त्याच जागेच्या वाहिन्या आणखी उघडतात, म्हणून सीमा इतकी ठळक दिसते. ४२ अंशांच्या पुढे हा परिणाम जवळजवळ पुरता होतो. पाणी थांबलं की वाहिन्या हळूहळू आवळतात, त्याला १५ मिनिटांपासून तासभर लागतो. ही लाली म्हणजे आजार नाही.

पित्ताची गोष्ट वेगळी. त्यात गांधी उठतात, म्हणजे कातडी फुगून वर येते आणि बोटाला उंचवटा लागतो. उष्णतेने आणि घामाने उठणारं पित्त बहुतेक वयात येणाऱ्या मुलांत आणि तरुणांत दिसतं. त्यातल्या गांधी टाचणीच्या डोक्याएवढ्या, १ ते ३ मिलिमीटरच्या, भोवती लाल कडं, आणि खाजेपेक्षा टोचल्यासारखं जास्त. धावल्यावर, तिखट खाल्ल्यावर, रागावल्यावरसुद्धा त्या येतात. तुमच्या मुलीला फक्त आंघोळीनंतर होतं की खेळून आल्यावरही, हे बघा.

घरी करायच्या दोन तपासण्या:

काचेचा स्वच्छ पेला लाल जागेवर दाबा. लाली पांढरी पडली तर रक्त वाहिन्यांतच आहे. दाबूनही ठिपके तसेच राहिले तर रक्त कातडीत उतरलंय. तेव्हा डॉक्टरकडे जायचं, आणि सोबत ताप असेल तर त्याच घटकेला.

दंडाच्या आतल्या बाजूला पेनाच्या बोथट टोकाने एक रेघ ओढा. ५ ते १० मिनिटांत ती दोरीसारखी फुगून वर आली तर कातडी घासण्याला जास्त प्रतिसाद देते. मग दोष पाण्याचा नाही, अंग घासायच्या खरखरीत घासणीचा आणि टॉवेलचा.

सावळ्या अंगावर लाली तांबूस किंवा जांभळट दिसते, कधी दिसतच नाही. अशा वेळी हाताची पालथी बाजू लावून ऊब बघा.

आता पाणी. मुलांसाठी ३७ ते ३८ अंश, मोठ्यांसाठी फार तर ४०. गीझरमध्ये पाणी ६०चं असेल आणि जानेवारीत सकाळी गच्चीच्या टाकीतलं १४चं, तर २० लिटरच्या बादलीत साधारण साडेदहा लिटर गरम आणि साडेनऊ लिटर गार घातलं की ३८ येतं. म्हणजे निम्म्याला किंचित जास्त. आधी गार, मग गरम, आणि तांब्याने तळापासून ढवळायचं. खटका मात्र फार खाली आणू नका. ५०च्या खाली साठवलेल्या पाण्यात जंतू वाढू शकतात. गीझर ६०वर ठेवा आणि मिसळण बादलीत करा. नळाचं ६०चं पाणी सरळ अंगावर पडलं तर मोठ्या माणसाची कातडीही ५ सेकंदांत खोल भाजते, मुलांची त्याहून लवकर. म्हणून गरम नळ मुलीच्या हाती नको.

“बादलीत गार होतंच की” म्हणून पाणी चढं काढायची सवय सोडा. भरलेली बादली दहा मिनिटांत जेमतेम एखादा अंश उतरते.

---

छावणी_वाचक

वरच्या उत्तराला जोड. हाताने पाणी बघू नका. थंडीत तळवे बधिर असतात आणि तिथली कातडी जाड. कोपर बुडवा, किंवा स्वयंपाकाचा सळईवाला थर्मामीटर घ्या. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो ४२-४३च्या आसपास संपतो आणि पाऱ्याचा असला तर फुटायची भीती.

आमसुलाबद्दल : थंड कोळाने बरं वाटतं ते मुख्यतः थंडाव्यामुळे. खाजवून ओरखडे पडले असतील तर आंबटपणा झोंबतो. साध्या पाण्याची ओली पट्टी तेच काम करते. बर्फ नको.

साबणाला फेस येत नाही म्हणजे पाण्यात कॅल्शियम भरपूर. त्याचा साबणाशी चिकट साका होतो, तो अंगावर राहतो आणि कातडी कोरडी होऊन चुरचुरते. साबणाचा सामू ९-१०, कातडीचा ५च्या आसपास. गरम पाणी वरून तेल धुऊन नेतं. साबण फक्त काखा, जांघा आणि पाय एवढ्यालाच लावा. आंघोळ ५ ते ७ मिनिटांत आटपा, टॉवेल टिपून घ्या, आणि अंग ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली. ज्यांच्याकडे तिघरा धरणाचं नळाचं पाणी येतं त्यांनी शेवटचे दोन तांबे त्याचे घेतले तरी फरक पडतो.

मोहरीचं तेल कोमट करून चोळायची इकडे रीत आहे. त्यातला झणझणीत अंश स्वतःच कातडी लाल करतो. लाली कशाची हे शोधत असाल तर दोन आठवडे तरी ते बंद. उटण्याचंही तसंच.

---

जीवाजीगंज_ग्वाल्हेर

मोजलं. बादलीतलं पाणी ४५ निघालं! पेला दाबला की पांढरं पडतं, उंचवटे नाहीत, खेळून आल्यावर काही होत नाही. पेनाची रेघ पण फुगली नाही. दिवे जातात त्या दिवशी आम्ही दुसऱ्या मजल्यावरचा गॅस गीझर वापरतो, नाहीतर कधी रॉड. शिवाय सासूबाई रोज सिगडीशी बसतात, त्यांच्या नडग्यांवर जाळीसारखे तपकिरी डाग आलेत. तेही यातलंच का?

---

औषधपेटी

मुलीचं उत्तर मिळालं. ४५वरून ३८वर एकदम उतरवाल तर ती कुडकुडेल. रोज एक-दीड अंश कमी करत आठवड्यात या. आधी पाय, मग हात, शेवटी धड, असं पाणी घ्या. टॉवेल आणि कपडे हाताशी ठेवा, कारण अंग ओलं राहून जी थंडी वाजते तिच्याचमुळे माणूस पाणी वाढवतो. न्हाणीघरात बिजलीचा हीटर लावू नका.

सासूबाईंचं मात्र वेगळं आणि जास्त महत्त्वाचं. भाजणार नाही इतकी, साधारण ४३ ते ४७ अंशांची ऊब त्याच जागी आठवडे-महिने लागली की कातडीत जाळी उमटते. आधी लालसर, येते-जाते. पुढे तपकिरी होऊन टिकते. गरम पाण्याची पिशवी पोटाशी घेऊन झोपणाऱ्यांनाही होते. आत्ता ऊब थांबवली तर काही महिन्यांत डाग फिके होतात. वर्षानुवर्षं चाललं तर त्या जागी क्वचित कर्करोग उद्भवू शकतो, म्हणून कुठे खरखरीत गाठ किंवा न भरणारी जखम असेल तर जयारोग्य रुग्णालयात कातडीच्या विभागात दाखवा. सिगडी दोन हात लांब, नडग्यांवर जाड पायजमा किंवा घोंगडी, आणि बंद खोलीत सिगडी मुळीच नाही.

सासूबाई रक्तदाबाची गोळी घेत असतील तर गरम आंघोळीनंतर झटकन उठू देऊ नका. वाहिन्या सैल झालेल्या असतात, रक्त पायांत उतरतं, भोवळ येते. दोन मिनिटं स्टुलावर बसून मग उठावं. आणि त्यांना पाणी लागलं की पुरळ न येताच भयंकर खाज सुटत असेल, गरम असो वा गार, तर रक्ताची साधी तपासणी करून घ्या. लाल पेशी वाढल्या की असं होऊ शकतं.

---

वायरमन_लश्कर

रॉड आणि गॅस गीझरचं मी सांगतो.

१५०० वॅटची रॉड २० लिटर पाणी १४वरून ३९वर न्यायला २३-२४ मिनिटं घेते. अडचण अशी की गरम पाणी वर चढतं आणि वेटोळ्याच्या खालचं गारच राहतं. न ढवळता वरचा तांब्या घेतला तर तो ५५चाही असू शकतो. अंगावर एकाच जागी लालभडक पट्टा आला तर आधी हेच तपासा. बटण बंद, मग प्लग बाहेर, मग रॉड बाहेर, त्यानंतरच ढवळा आणि कोपर बुडवा. चालू रॉडच्या पाण्यात बोट घालून बघणं जिवावर बेततं. बादली प्लास्टिकची, आणि अर्थिंग चालू आहे ना ते पाहून घ्या.

गॅस गीझर न्हाणीघराच्या आत असेल तर तो बाहेर बसवून घ्या, आणि तोवर वापरूच नका. दार-खिडकी बंद असताना ज्वाळेला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही. “विषारी वायूने अंग लाल होतं” असं लोक म्हणतात. जिवंत माणसात ते क्वचितच दिसतं, त्यावर विसंबू नका. डोकं ठणकणं, मळमळ, पाय लटपटणं यांपैकी काहीही झालं की दार उघडून बाहेर मोकळ्या हवेत. आत कोणी हाक मारूनही बोलत नसेल तर दार तोडून आधी माणूस बाहेर, मग गॅसची कळ बंद, मग १०८ला फोन. मुलांना आतून कडी लावू देऊ नका.

---

जीवाजीगंज_ग्वाल्हेर

गॅस गीझर आतच आहे. आजच नळी काढून ठेवते. एक शेवटचं : मे महिन्यात गीझर बंद असतानाही तिला असं झालं होतं.

---

छावणी_वाचक

काळी टाकी. आपल्याकडे मेमध्ये हवाच ४५ला पोचते, दुपारी गच्चीच्या टाकीतलं पाणी अंगाला भाजतं. आंघोळ सकाळी सहाच्या आत करा, किंवा बादली रात्री भरून घरात ठेवा. टाकीवर आडोसा करा, नळीला ओलं गोणपाट गुंडाळा. मात्र उन्हाळ्यात लाली तासात न उतरता दोन-तीन दिवस राहिली आणि मानेवर, पाठीवर बारीक टोचरे दाणे दिसले तर ते घामोळं आहे. तिथे तेल आणि जेली दोन्ही बंद, सुती सैल कपडे आणि पंखा.