रानभाज्यांची वही आणि आजीचं नाव

किनवटची_लेक : ९ ऑगस्टच्या आसपास रानभाजी महोत्सव आला की आमच्या आजीला स्टॉलवर बसवतात, फोटो काढतात. यंदा गावच्या जैवविविधता नोंदवहीसाठीही दोघंजण आले. ती सांगत गेली, ते लिहीत गेले. वहीत पन्नासेक झाडंझुडपं आलीत, आजीचं नाव कुठंच नाही. माझं स्पष्ट मत : आमच्या बायांनी सांगणंच बंद करावं.

परभणीकर : ताई, मग आजीबरोबर सगळंच जाईल. २००२ च्या जैवविविधता कायद्यातली ही वही आहेच त्यासाठी. उद्या कुणी कंपनी ही झाडं वापरायला आली तर गावाला फायद्यातला वाटा मागता येतो.

किनवटची_लेक : दादा, २०२३ ची दुरुस्ती वाचा. जुन्या ग्रंथांत जे लिहिलंय ते वापरणाऱ्याला वाटा देण्यातून सूट मिळाली. आजीच्या तोंडी जे आहे तेच ग्रंथात निघालं, तर वाटा कुठला?

कळमनुरीची_आंध : मला दोघांचंही पटत नाही. माझी माय हौसेनं रानात जात नव्हती, घरात दाळ नव्हती म्हणून जायची. तरोटा उकडायचा, पिळायचा, त्यात मूठभर कण्या. चार-चार दिवस तेच. आजही त्या वासानं मला ढवळतं. माझी पोरगी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते, तिला तरोटा ओळखू येत नाही म्हणून मी रडू का? संस्कृती बुडाली म्हणून गळे काढणारे बहुतेक पुरुषच असतात, हेही बघा.

किनवटची_लेक : अक्का, उपाशीपोटी शिकलेलं असलं तरी ते शिकलेलंच ना? तरोट्याचं पान टोकाला गोल, कासविंद्याचं टोकदार. लहानपणी मी चुकून कासविंदा खुडला तर आजीनं हातावर चापट मारली होती. त्याच्या शेंगा खाऊन लेकरं दगावतात. आता बांधावर कोवळा तरोटा दिसला तरी ती हात लावत नाही. आधी विचारते, "कुणी फवारलंय का गं?"

परभणीकर : सोयाबीनला तणनाशक मीही मारतो. खुरपायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही.

कळमनुरीची_आंध : वाकून वाकून कमरा गेल्या दादा, कुठून मिळतील? खुरपताना ओटीत भाजी यायची, एवढं मात्र खरं. ताई, त्या वहीची झेरॉक्स मागितली का?

किनवटची_लेक : दोनदा. साहेब आल्यावर बघू म्हणाले.