इंजिन बंद पडलं तरी ठपका वैमानिकावरच का?

शिकाऊ_पंख
विमान चालवायला शिकतोय, माझे आत्ता उड्डाणाचे ३४ तास झालेत, त्यात ६ सोलो (एकट्याने). रात्री झोपण्याआधी अपघातांचे चौकशी अहवाल वाचायची खोड लागलीये (घरच्यांना अजिबात आवडत नाही). एक गोष्ट खटकते. इंजिन हवेत बंद पडतं, वैमानिक बिचारा सापडेल त्या शेतात उतरवायला जातो, विमान आपटतं, आणि कारण काय तर 'वैमानिकाची चूक'. इंजिन काय त्याने बंद केलं होतं? की गेलेला माणूस उलट बोलत नाही म्हणून हे सोयीचं?

जुना_मास्तर
चिडू नकोस, माझं ऐक. सेस्ना १५२ (दोन जणांचं शिकवायचं विमान), दमट सकाळ, बाहेर १८ अंश. शेजारी तुझ्यासारखाच एक विद्यार्थी. सरळ उडताना आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) २३०० वरून २२०० झाले. पोराने थ्रॉटल (ताकद कमी-जास्त करायचा नॉब) किंचित पुढे सारला. पुन्हा उतरले, पुन्हा सारला. असं तीनदा. खरं सांगतो, पहिल्या दोन वेळा माझंही लक्ष नव्हतं. मग म्हटलं, कार्ब हीट (कार्बुरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला, गरम हवा देणारा नॉब) ओढ. ओढली तर आरपीएम आणखी पडले आणि इंजिन खोकायला लागलं. पोराचा हात लगेच नॉब परत आत ढकलायला! मी मनगट धरून ठेवलं. कार्बुरेटरमध्ये जमलेला बर्फ वितळून त्याचं पाणी सिलिंडरमध्ये जातं तेव्हा इंजिन खोकणारच. थोड्या वेळात सुरळीत झालं.

१८ अंशांत बर्फ कसला, असं वाटेल. पण कार्बुरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आणि हवेचा दाब घटताना तापमान वीस-तीस अंशांनी खाली येऊ शकतं.

आता तो पोरगा एकटा असता तर? शेतात उतरला असता, आणि चौकशीवाले पोचेपर्यंत बर्फ वितळून गेलेला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू! अहवालात काय लिहायचं, तूच सांग.

ग्रीसचे_हात
मास्तरांचं बरोबर, पण अर्धंच. मी पाने-पक्कड चालवणारा माणूस, त्यामुळे वैमानिकांची बाजू घेताना जरा जड जातं, तरी घेतो. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात मॉन्टेरे बे मध्ये पडला. विमान लाँग-ईझेड, घरी बांधलेलं. मूळ आराखड्यात टाकी बदलायचा व्हॉल्व्ह पायांच्या मध्ये होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेऊन बसवला. डेन्व्हर वळून तो पिळायला गेला, तेव्हा उजव्या रडरवर (विमान डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पेडलवर) पाय दाबला गेला आणि ताबा सुटला, असा चौकशीचा निष्कर्ष. निघण्याआधी त्याने इंधन भरून घेतलं नव्हतं, ही त्याची चूक. पण त्या हँडलवर खुणा नव्हत्या, इंधन दाखवणाऱ्या काचांवरही नव्हत्या. ही कुणाची? अहवालात हेही आहे. बातमीत फक्त 'वैमानिकाची चूक' उरते.

शिकाऊ_पंख
हे वाचलं नव्हतं. पण उड्डाणानंतर लगेच ३०० फुटांवर इंजिन गेलं तर? तिथे कुठला नॉब ओढू?

जुना_मास्तर
कुठलाच नाही. आधी नाक खाली. चढताना नाक वर असतं, ताकद गेली की वेग काही सेकंदांत संपतो. आणि धावपट्टीकडे वळू नकोस. ते वळण १८० अंशांचं नसतं, पट्टीच्या रेषेत यायला त्याहून बरंच जास्त वळावं लागतं. त्यात ४५ अंश कललास तर स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान उचलून धरत नाहीत) जवळजवळ १९ टक्क्यांनी वाढतो. समोर जे दिसेल तिथे उतरायचं, कुंपण असलं तरी. तिथे इंजिन जाणं हा बिघाड, मागे वळणं ही चूक. दोन्ही एकाच अहवालात येतात.

ग्रीसचे_हात
सध्या कशावर उडतोस? फ्युएल सिलेक्टर (इंधनाची टाकी निवडायचा व्हॉल्व्ह) न बघता हाताला लागतो का?

शिकाऊ_पंख
सेस्ना १७२. हाताला लागतो. पण 'बोथ'वर (दोन्ही टाक्या) आहे की 'लेफ्ट'वर (फक्त डावी), ते अजून वाकून बघावं लागतं.