मदत हवी आहे: भाचीने जजना पत्र लिहिलंय, ते कोणी आणि कसं द्यायचं?

फोंड्याची मावशी:

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचत होते, आज स्वतःवरच वेळ आली. लांबलंय, सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या बहिणीची घटस्फोटाची केस दीड वर्ष चाललीय. घटस्फोट दोघांनाही हवाय, त्यावर वाद नाही, वाद आहे तो मुलीच्या ताब्याचा. भाची 11 वर्षांची, सहावीत. राहते आईजवळ, म्हणजे आमच्या माहेरी सत्तरी तालुक्यात, आणि एक आड एक शनिवार-रविवार म्हापशाला बाबांकडे. भावोजी वाईट माणूस नाही हे आधीच सांगते, पोरीला जीव लावतात, बहिणीशी पटलं नाही एवढंच. बहिणीच्या अर्जात आहे की भेटी कमी करा आणि भावोजींच्या अर्जात आहे की मुलगी कायमची आमच्याकडे द्या.

गेल्या आठवड्यात भाची माझ्याकडे राहायला होती तर रात्री निजायच्या आधी तिने दप्तरातून गणिताच्या वहीची दोन पानं काढली, चौकटीची, पेन्सिलने लिहिलेली, आणि म्हणाली मावशी हे जजना दे. मी म्हटलं अगो मी कशी देऊ, तर म्हणते आईकडे दिलं तर बाबा म्हणणार आईने लिहून घेतलं आणि बाबांकडे दिलं तर आई रडणार, आणि त्यांचे वकील त्यांचे आहेत ना.

मी वाचलं. वाचायला नको होतं कदाचित. तिला शाळा सोडायची नाही, शनिवारचा पेटीचा क्लास बुडवायचा नाही म्हणून बाबांकडे फक्त रविवारी जायचंय, पण मे महिना मात्र अख्खा बाबांकडे हवाय, आणि चवथीला दोन्ही घरच्या गणपतीला जायचंय. शेवटी लिहिलंय, मला कोण जास्त आवडतं ते विचारू नका. आता हे दोघांपैकी कोणीच मागितलेलं नाही! बहिणीच्या वकिलांना मी आडून विचारलं की मुलीने काही लिहिलं असेल तर, तर ते म्हणाले आणा, आपल्या बाजूने जोडू. म्हणजे शाळा आणि पेटीपर्यंतचं जोडणार आणि मे महिन्याचं काय करणार? म्हणून पत्र माझ्या कपाटात आहे, बहिणीला अजून सांगितलेलं नाही आणि त्याचंही मनाला लागून राहिलंय.

मुलाला स्वतःचा वकील मिळतो का? पैसे लागले तर मी भरीन. आणि ते पत्र मी सरळ कोर्टात पोस्टाने पाठवलं तर चालेल का? तारीख चवथीनंतरची आहे.

डिचोलीकर:

पणजीला चिल्ड्रन्स कोर्ट आहे ना, तिथे अर्ज करा. गोवा बाल कायदा 2003 चा आहे, मुलांसाठीच केलेला.

निवृत्त कारकून:

डिचोलीकर, थांबा. ते कोर्ट मुलांवर झालेल्या गुन्ह्यांसाठी आहे, मारहाण, लैंगिक छळ वगैरे. इथे कोणी पोरीवर हात उगारलेला नाही, उगाच त्या दारात नेऊ नका, भावोजी आयुष्यभर विसरणार नाहीत.

मावशी, मी वकील नाही पण कोर्टात टेबलावर आयुष्य गेलं म्हणून सांगतो. पत्र पोस्टाने अजिबात नको. एका बाजूच्या पाठीमागे आलेला कागद जज वाचत नाहीत, आणि वाचला तरी दुसऱ्या पक्षाला दाखवावा लागतो, मग पोरगी दोन्ही वकिलांच्या तोंडी सापडते.

आईबापाच्या दाव्यात मूल पक्षकार नसतं, म्हणून तिच्या नावाचं वकीलपत्र आपोआप होत नाही. अज्ञानाची, म्हणजे 18 वर्षांखालच्याची, सही चालत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 32 प्रमाणे अज्ञान मुलाने दावा करायचा तर सज्ञान माणूस वादमित्र म्हणून उभा राहावा लागतो, ज्याचं हित मुलाच्या हिताविरुद्ध नाही असा. तुम्ही कागदावर बसाल, पण तुम्ही आईची बहीण, समोरचा वकील पहिल्याच वाक्यात तेच काढणार.

त्यापेक्षा ऑर्डर 32ए वाचायला सांगा. घरगुती दाव्यांसाठीच आहे. एका पक्षाने जरी मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते, आणि कोर्ट कुटुंबकल्याणाचं काम जाणणाऱ्या माणसाची मदत घेऊ शकतं, शक्यतो बाई असावी असंही त्यात लिहिलंय. बहिणीच्या वकिलाने एवढाच अर्ज करावा की जजनी मुलीशी चेंबरमध्ये एकटीशी बोलावं, आईबाप आणि वकील बाहेर. मी असं होताना पाहिलंय. एका जजनी पोराला आधी क्रिकेटचंच विचारलं होतं अर्धा तास.

पुण्याची अर्धी वकीण:

वरच्यांशी सहमत. भर घालते. 1890 च्या पालक-पाल्य कायद्यात कलम 17 मध्येच आहे की मूल समजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. "घेऊ शकतं", घेतलंच पाहिजे असं नाही, आणि वयाचा आकडा दिलेला नाही. गोव्यात तुमचा घटस्फोटाचा कायदा पोर्तुगीज काळातला 1910 चा, तेव्हा अर्ज नेमका कशाखाली आहे ते वकिलांना विचारा. मुलाचं हित पहिलं हे तत्त्व मात्र कोर्टं सगळीकडे धरतात.

दुसरं म्हणजे पैसे भरायची घाई नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12, त्यात बाई किंवा मूल असेल तर मोफत वकील, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा प्राधिकरणाच्या ऑफिसात जा नाहीतर 15100 वर फोन करा. आणि कोर्टाला वाटलं तर ते स्वतः न्यायमित्र नेमू शकतं, म्हणजे जो आईचाही नाही आणि बाबांचाही नाही. त्यासाठी विनंती कोणी तरी करायला हवी, आपणहून फारसं होत नाही.

स्विंडनहून:

आमच्या इथे इंग्लंडात घटस्फोटात मुलाला वकील मिळतोच असं काही नाही हो, इथले गोंयकार उगाच सांगत सुटतात. आईबापाच्या वादात कॅफकॅसची, म्हणजे कोर्टासाठी मुलांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेची, बाई येऊन मुलाशी बोलते आणि कोर्टाला रिपोर्ट देते, मुलासाठी वेगळा गार्डियन आणि वकील कोर्टाला गरज वाटली तरच. मुलाला सरकार घरातून काढून नेतं त्या केसमध्ये मात्र नेमतातच.

फोंड्याची मावशी:

सगळ्यांचे आभार. आज 15100 ला लावला, त्यांनी जिल्ह्याच्या ऑफिसात जायला सांगितलंय, सोमवारी अर्धी रजा टाकून जाते. न्यायमित्राचं आणि चेंबरचं दोन्ही लिहून घेतलंय. पत्र आहे तसंच ठेवते, शुद्धलेखनाच्या चुका सुधारायचाही मोह आवरलाय.

भाचीला फोनवर सांगितलं की कदाचित जज स्वतः तुझ्याशी बोलतील, तर लगेच विचारते, तेव्हा पेटी न्यायची का?

आता अर्ज बहिणीच्याच वकिलाने करायचा म्हणजे तिला पत्राचं सांगावंच लागणार. मे महिन्याचं वाचून तिला लागणार हे नक्की. कोणी या वाटेने गेलं असेल तर सांगा, कसं सांगितलंत?