सोलापुरातल्या अपार्टमेंटमधलं राहणं: आपापले अनुभव सांगा

रेल्वे लाइन्स, सात रस्ता, मुरारजी पेठ इथले जुने बंगले पाडून अपार्टमेंट उभी राहतायत. बिल्डर पार्किंग दाखवतो, लिफ्ट दाखवतो. पाणी कसं येतं, इमारत कुठल्या कायद्याखाली नोंदवलीय, हे मात्र तिथं राहणाराच सांगू शकतो. म्हणून हा धागा. सुरुवात मी करते.

आमचं घर होटगी रोडला. आमच्याकडं सोसायटी नाही, इमारत १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालची आहे. मेंटेनन्सवरून मीटिंगमध्ये आवाज चढायचे. तीन बेडरूमवाले म्हणायचे, "लिफ्ट सगळेच वापरतात की ओ, मग आम्हीच जास्त का द्यायचं?" शेवटी घोषणापत्राची, म्हणजे इमारत या कायद्याखाली आणताना नोंदवलेल्या दस्ताची, नक्कल काढून सगळ्यांसमोर वाचली. सामाईक जागेत प्रत्येक फ्लॅटचा अविभक्त हिस्सा किती टक्के, ते त्यात लिहिलेलं असतं आणि खर्च त्याच टक्क्यानं वाटायचा असतो. सहकारी सोसायटीत सेवाशुल्क सगळ्यांना सारखं, इथं तसं नाही. त्या दिवसापासून वाद थांबले. फ्लॅट बघायला जाल तेव्हा हा कागद आधी मागा.

जुळे सोलापूर:
पाण्याचं मी सांगतो. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, मध्ये काही दिवस जातात, आणि उन्हाळ्यात ते अंतर वाढतं. त्यामुळं खालचा हौद केवढा आहे यावर सगळा संसार चालतो. माणशी दिवसाला १३५ लिटर हा पाणीपुरवठ्यातला नेहमीचा हिशेब. १२ फ्लॅट, घरटी ४ माणसं, म्हणजे दिवसाला साधारण ६,५०० लिटर. ५ दिवस काढायचे तर हौद ३२,००० लिटरच्या वर हवा. आमचा त्याच्या निम्मासुद्धा नाही, बाकीचं टँकरवर. वॉचमनकाकांनी एका बांबूवर रंगाच्या खुणा केल्यात. झाकण उघडून तो बुडवतात आणि लाल खुणेच्या खाली पाणी गेलं की मोटर फक्त सकाळीच लावतात. इमारतीत सगळ्यात जास्त मान त्यांनाच आहे, आणि तो असायलाच हवा.

साखर पेठेतून विजापूर रोडला आलेली:
मागांच्या खटखटीत वाढलेल्या माणसाला फ्लॅटमधली शांतता सुरुवातीला खायला उठते. पण नवरात्राच्या दिवसांत आम्ही तेलुगू बायकांनी पार्किंगमध्ये फुलं रचून बतुकम्मा देवी मांडली, तेव्हा शेजारच्या कानडी वहिनी झेंडू घेऊन खाली आल्या, वरच्या मराठी काकू फेरात आल्या. आता दरवर्षी चार चाकी गाड्या त्या संध्याकाळी बाहेर लावायच्या, हे न सांगता ठरलंय.

भुईकोट किल्ल्याजवळ:
वाडा पाडून अपार्टमेंट बांधायचं भावाभावांत ठरलं होतं. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडचं संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम चालत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. आमची जागा त्या दुसऱ्या पट्ट्यात येते, त्यामुळं अर्ज केलाय आणि थांबलोय. घरात चिडचिड होते, पण मला हा नियम पटतो. तट आणि सिद्धेश्वर तलाव यांच्या अंगावर सात मजली भिंत आली, तर गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, येणाऱ्या माणसाला दिसणार काय? या भागात बुकिंगचे पैसे देण्याआधी परवानगीचं पत्र डोळ्यांनी बघा.

मुरारजी पेठ:
आमची नोंदणीकृत सोसायटी आहे, पण बिल्डरनं जमीन अजून आमच्या नावावर केलेली नाही. मालमत्ता पत्रकावर मूळ मालकाचंच नाव. मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डर करून देत नसला तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करायचाय. त्याला जोडायची मंजूर नकाशाची प्रत आमच्याकडं नाही. सोलापुरात कुणी हे काम पूर्ण केलं असेल, तर नकाशा कसा मिळवला तेवढं सविस्तर लिहा.